खिशातला म्युझिक प्लेअर: आधी गाणी नीट करा, मग यंत्र घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंत रोजचा लोकलचा प्रवास. ऐकायचं ते शास्त्रीय, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. मोबाइलवर लावलं की मध्येच फोन येतो, मेसेज वाजतात, आणि ॲपवर गेल्या महिन्यात ऐकलेली मैफल आज सापडत नाही. घरी सीडींचं कपाट आहे, कॅसेटींची दोन खोकी आहेत. १५ हजारांपर्यंत वेगळा प्लेअर घ्यावा का, कोणता घ्यावा, आणि सांगलीला राहणाऱ्या ७४ वर्षांच्या वडिलांना तसाच एक दिला तर चालेल का?

घ्या, जरूर घ्या. पण दुकानाची पायरी चढण्याआधी ते सीडींचं कपाट उघडा. लोकांचे संग्रह सीडी-कॅसेटींवरून उतरवून देणं आणि ते वाजवायला कोणतं यंत्र घ्यावं हे सांगणं, हेच बरीच वर्षं माझं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्लेअर आधीच घेतलेला असतो, चांगला महागाचा असतो, आणि आत भरलेल्या असतात व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइली. मग तक्रार येते की मोबाइलपेक्षा काही वेगळं ऐकू येत नाही. कसं येणार? प्लेअर चार-सहा वर्षांत बदलतो. फाइली एकदा नीट केल्या की पुढच्या प्रत्येक प्लेअरवर त्याच चालतात. ऑक्टोबर २००१ मध्ये ५ जीबीची डिस्क घेऊन आलेला आयपॉड ॲपलने मे २०२२ मध्ये कायमचा बंद केला. ज्यांनी आपल्या सीडी संगणकावर नीट उतरवून ठेवल्या होत्या त्यांनी तोच संग्रह दुसऱ्या यंत्रात टाकला आणि ऐकणं चालू ठेवलं. ज्यांच्याकडे गाणी फक्त त्या यंत्रातच होती ते अजूनही बंद पडलेले आयपॉड घेऊन येतात.

एक गैरसमज आधीच दूर करतो. स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेलं गाणं त्या ॲपच्या बाहेर काढता येत नाही. ती फाइल कुलूपबंद असते. प्लेअरमध्ये टाकायला तुमच्या मालकीची फाइल लागते: सीडीवरून उतरवलेली, कॅसेटवरून भरून घेतलेली, किंवा पैसे देऊन विकत घेतलेली.

सीडी उतरवताना फाइल कोणत्या प्रकारची ठेवायची? फ्लॅक. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० वेळा, १६ बिटांत, दोन चॅनेलचं मोजमाप असतं. म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. फ्लॅक तेच सगळं काहीही न गाळता आवळून ठेवतं, त्यामुळे तासाभराच्या गाण्याला ढोबळमानाने ३०० ते ४०० एमबी लागतात. एमपीथ्री ऐकू न येणारा, निदान ऐकू येऊ नये असा भाग काढून टाकतं. ३२० किलोबिटच्या एमपीथ्रीला तासाला १४४ एमबी पुरतात. चांगल्या एन्कोडरने (फाइल आवळून देणाऱ्या प्रणालीने) केलेली ३२० ची फाइल आणि फ्लॅक यांतला फरक लोकलमध्ये तर सोडाच, शांत खोलीतही भल्याभल्यांना सांगता येत नाही. तरीही फ्लॅक ठेवा म्हणतो, कारण फ्लॅकवरून उद्या हवा तो प्रकार करता येतो. एमपीथ्रीवरून परत मागे जाता येत नाही. एमपीथ्रीचं फ्लॅक केलं तर फाइल मोठी होते, गेलेला आवाज परत येत नाही. अशा फुगवलेल्या फाइली 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गाळलेला, संग्रह म्हणून पेनड्राइव्हवर घालून विकणारे मी पाहिलेत. त्यापासून लांब राहा.

सीडीहून बारीक मोजमापाच्या, २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झच्या फाइलींच्या मागे लागू नका. सीडीचा दर २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण पकडतो आणि माणसाचा कान त्यापुढे जात नाही; चाळिशीनंतर तर तो बराच अलीकडे थांबतो. तुम्ही जे ऐकता त्यातलं पुष्कळसं १९५०-६० च्या दशकांतल्या आकाशवाणीच्या टेपवरचं किंवा तीन-साडेतीन मिनिटांच्या ७८ गतीच्या तबकड्यांवरचं आहे. त्या मूळ ध्वनिमुद्रणातच वरचे सूर एका मर्यादेपर्यंत आहेत. या जुन्या मोनो मुद्रणांचा एक फायदाही आहे. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असले की फ्लॅक दुसऱ्याला जवळजवळ जागाच देत नाही, फाइल निम्म्यावर येते. तुमचं अख्खं कपाट १२८ जीबीच्या एका मेमरी कार्डात बसेल.

उतरवण्यासाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी. दोन्ही फुकट आहेत. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीच्या 'सिक्युअर' पद्धतीत ते प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडून बघतं. इंग्रजी सीडींच्या बाबतीत जगभरातल्या इतर लोकांच्या नोंदींशी पडताळणी होते. मराठी सीडी त्या यादीत बऱ्याचदा नसतात. म्हणून 'टेस्ट अँड कॉपी' निवडा. एकच ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचा पडताळणीचा आकडा जुळला तर फाइल बिनचूक समजायची. वेळ लागतो, पण हे काम जन्मात एकदाच करायचं आहे.

आता प्लेअर. जाहिरातीत सगळा भर डॅक चिपवर, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपवर असतो. तिकडे दुर्लक्ष करा. आजच्या साध्या चिपसुद्धा सीडीच्या दर्जाला पुरून उरतात. आपल्या गाण्यासाठी पहिली कसोटी वेगळीच आहे: एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना आवाज तुटतो का? शास्त्रीय संगीताच्या सीडीवर बहुधा विलंबित ख्याल पहिल्या ट्रॅकवर आणि द्रुत दुसऱ्यावर असतो, पण गाणं सलग असतं. तानपुरा चालू आहे, तबलजीने लय बदलली आहे, गायक बंदिशीचा मुखडा उचलतो आहे, आणि नेमकं तिथे अर्धा सेकंद काहीच नाही. तानपुऱ्याचा तो अखंड नाद तुटला की कान दचकतो. काही प्लेअर पुढची फाइल उघडायला वेळ घेतात म्हणून हे होतं. एमपीथ्रीत आणखी एक कारण आहे: ती फाइल ठरावीक मापाच्या चौकटींत बांधली जाते, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी शांततेची भर पडते. लेम नावाचा एन्कोडर ही भर किती आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि हुशार प्लेअर ती वगळतो. फ्लॅकमध्ये अशी भर नसतेच. दुकानात जाताना अशी सलग ट्रॅकांची एक सीडी फ्लॅक करून कार्डावर न्या आणि जोडावर कान ठेवा. वैशिष्ट्यांच्या यादीत 'गॅपलेस' (जोडावर न तुटणारा) लिहिलेलं पुरेसं नाही, ऐकूनच ठरवा.

दुसरी कसोटी देवनागरी. याच कार्डावर 'श्रीकृष्ण', 'ज्ञानेश्वर', 'भक्तिगीत', 'किशोरी', 'कैऱ्या' अशा नावांच्या चार-पाच फाइली टाकून ठेवा. स्वस्त प्लेअर नुसते चौकोन दाखवतो. त्याहून थोडा बरा अक्षरं दाखवतो, पण 'किशोरी' मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर येते, 'भक्ति' मधला 'क्त' पाय मोडून दोन अक्षरांत पसरतो, आणि रफार भलत्याच डोक्यावर जातो. कारण देवनागरीत अक्षरं एकापुढे एक नुसती मांडून चालत नाहीत, ती जुळवावी लागतात, आणि छोट्या प्लेअरच्या प्रणालीत ती सोय नसते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्लेअरमध्ये देवनागरी मोबाइलसारखीच नीट दिसते. साधा प्लेअर घेणार असाल तर टॅग, म्हणजे फाइलमधल्या नावांच्या नोंदी, रोमन लिपीत ठेवण्याची तयारी करा.

बाजारात दोन वाटा आहेत. एक, स्वतःची छोटी प्रणाली असलेला साधा प्लेअर: फिओ, हायबी, शानलिंग, हिडिझ या चिनी कंपन्यांचे लहान प्लेअर या वर्गात येतात. ते झटकन चालू होतात, वजनाला हलके असतात, त्यांना इंटरनेट नको आणि अपडेटही नको. दोन, अँड्रॉइडचा प्लेअर, सोनीच्या एनडब्ल्यू-ए३०६ सारखा किंवा फिओचा. पडदा मोठा, देवनागरी व्यवस्थित, हवं तर स्ट्रीमिंगही. पण किंमत जास्त, चालू व्हायला वेळ, आणि चार-पाच वर्षांनी ॲप चालेनाशी होतात. तुमच्या वापराला मी पहिली वाट सुचवेन, देवनागरीचा हट्ट नसेल तर. जुना आयपॉड क्लासिक घेऊन त्यातली डिस्क काढून कार्ड आणि नवी बॅटरी बसवणारे हौशी लोकही आहेत. ती चक्रावर बोट फिरवून यादीत पळण्याची सोय आजही कुणाला साधलेली नाही हे खरं. पण तो मुळात फ्लॅक वाजवत नाही आणि सुटे भाग शोधावे लागतात. हात चालत असेल तरच त्या फंदात पडा.

दोन्ही वाटांवर काही गोष्टी हातात धरूनच बघायच्या. बाजूला खरी बटणं हवीत, पडद्यावरची नव्हेत. गर्दीत एक हात कडीला असताना खिशातल्या खिशात आवाज कमी करता आला पाहिजे. कार्डाची खाच हवी. इअरफोनसाठी साधी ३.५ मिमीची जागा हवी. बंद करून पुन्हा चालू केल्यावर जिथे थांबलं तिथूनच सुरू व्हायला हवं. कीर्तन आणि प्रवचनांच्या दोन-दोन तासांच्या फाइली ऐकणाऱ्यांना याशिवाय चालतच नाही. आवाजाच्या ताकदीची काळजी करू नका. साधा इअरफोन एका मिलीवॅटवर १०० डेसिबलच्या आसपास जातो, तेवढं कोणताही प्लेअर देतो. उलट बघायचं ते हे की संवेदनशील इअरफोन लावून गाणं थांबवल्यावर 'सूं' असा आवाज राहतो का. आलापीच्या शांत जागांत तो फार टोचतो. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या विजेला होणारा आतला अडथळा) २ ओमच्या आत असला तर १६ ओमच्या इअरफोनचा स्वभाव बिघडत नाही, हा आकडा मात्र माहितीपत्रकात शोधून बघा.

इअरफोन तारेचा घ्या. ब्लूटूथवर आवाज पुन्हा एकदा आवळला जातो, शिवाय चार्ज करायला आणखी एक वस्तू वाढते. १५ हजारांतले चार-पाच हजार इअरफोनला ठेवा. कानात बसणारा, सिलिकॉनच्या टोप्यांचा. या टोप्या तीन मापांत येतात. तिन्ही लावून बघा, दोन्ही कानांना वेगवेगळं मापही लागू शकतं. टोपी सैल बसली की डग्ग्याचा घुमारा आधी जातो आणि माणूस इअरफोनला नावं ठेवतो. नीट बसली की बाहेरचा खडखडाट बराच कमी होतो, म्हणून आवाज वाढवावा लागत नाही, आणि हीच खरी कमाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या आसपास जेमतेम चार. घरी शांत खोलीत आवाज सुखावह ठेवा, प्लेअरवरचा तो आकडा लक्षात ठेवा, आणि गाडीत त्याच्या फार वर जाऊ नका. आणि फलाटावर, रूळांजवळ, रस्ता ओलांडताना इअरफोन कानाबाहेर. याला अपवाद नाही.

आता ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा ते: टॅग. फाइलच्या पोटात गायक, अल्बम, शीर्षक, क्रमांक अशा नोंदी असतात आणि प्लेअर त्यांवरून यादी करतो. नोंदी विस्कळीत असल्या तर हजार गाण्यांत हवं ते सापडत नाही, मग माणूस हाताला येईल ते लावतो आणि शेवटी प्लेअर ड्रॉवरमध्ये जातो. माझ्याकडे आलेल्या एका संग्रहात भीमसेन जोशी सात ठिकाणी होते: 'पं.' सह, 'पंडित' सह, 'भारतरत्न' सह, रोमनमध्ये, देवनागरीत, नुसतं आडनाव आधी, आणि एकदा साथीदारांच्या नावांसकट. प्लेअरच्या लेखी ते सात वेगळे गायक. म्हणून नियम करा: टॅगमध्ये उपाधी लिहायची नाही, एक नाव एकाच पद्धतीने, एकाच लिपीत. आदर मनात असतोच. एमपीथ्रीटॅग या मोफत प्रणालीत शेकडो फाइली निवडून एका फटक्यात नाव बदलता येतं.

बाजारातल्या सीडी उतरवताना आपोआप येणारी माहिती आपल्या गाण्याला बसत नाही, कारण ती सगळी रचना 'गायक-अल्बम-गाणं' अशी आहे. ख्यालासाठी मी शीर्षकात राग सर्वांत आधी लिहितो, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द: 'यमन, विलंबित एकताल' असं. छोट्या पडद्यावर पहिले पंधरा-वीस वर्णच दिसतात, त्यात राग दिसायलाच हवा. 'जॉनर' या रकान्यात इंग्रजी ठेवणीतले शब्द येतात ते पुसून आपले प्रकार लिहा: ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, लावणी. 'कंपोझर' हा रकाना बहुतेक प्लेअर दाखवतात, तिथे भावगीतांचे संगीतकार घाला. गीतकारासाठी रकाना असतो, पण छोटे प्लेअर तो दाखवत नाहीत. कवीवरून शोधायची सवय असेल तर नाव शीर्षकाच्या शेवटी जोडा. जुन्या एमपीथ्री सीडीवर मराठी टॅग असतील आणि ते विचित्र चिन्हांसारखे दिसत असतील, तर ते युनिकोडच्या आधीच्या फाँटमधले आहेत. दुरुस्त करत बसण्यापेक्षा नव्याने लिहिणं लवकर होतं.

क्रमांक दोन आकडी लिहा: ०१, ०२, ०३. नाहीतर १ नंतर १०, ११ आणि मग २ असा क्रम लागतो. गीतरामायणासारखी गोष्ट सांगत जाणारी ५६ गीतं असतील तर असा क्रम म्हणजे कथेचाच चुराडा. आवाजाच्या पातळीसाठी रीप्लेगेन नावाची सोय आहे. ती फाइलमधल्या आवाजाला हात लावत नाही, फक्त 'हे इतकं हळू वाजवा' अशी नोंद करते. १९५५ चं ध्वनिमुद्रण आणि कालपरवाचा अल्बम एकामागून एक लावल्यावर हात सारखा बटणाकडे जातो, तो जात नाही. तुमच्या प्लेअरला ती समजते का हे आधी बघा. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पेक्षा मोठं ठेवू नका; मोठ्या चित्रांनी छोटे प्लेअर अडखळतात.

मग प्रहरांच्या याद्या करा. सकाळच्या गाडीसाठी तोडी, भैरव, बिलावल. परतताना मारवा, पूरिया, यमन. रात्री बागेश्री, मालकंस. यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल असते, ती संगणकावर फूबार या गाणी वाजवण्याच्या प्रणालीत करून कार्डावर टाकता येते. 'शफल' या बटणाला शास्त्रीय संगीतात काही काम नाही. भावगीतांसाठी मात्र ते छान आहे.

वडिलांना तुमच्यासारखा प्लेअर देऊ नका. बारीक पडदा, बारीक बटणं, कानात घालायची वस्तू, यातलं त्यांना काही नको असतं. त्यांना हवा असतो समोर ठेवून ऐकायचा स्पीकर, एक मोठं बटण, आणि आकाशवाणी. २०१७ मध्ये आलेला सारेगामाचा कारवां याच गरजेवर चालला, त्यात ५,००० गाणी आधीच भरलेली असतात आणि मराठी गाण्यांचाही निघाला. त्यांची आवड त्या यादीत बसत असेल तर उत्तम. त्यांना स्वतःच्याच संग्रहातलं ऐकायचं असेल तर पेनड्राइव्ह लागणारा, एफएम असलेला चांगला स्पीकर घ्या. इथे एक खोच आहे जी फार जणांना छळते. असे स्पीकर आणि गाड्यांमधले काही प्लेअर फाइली नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने त्या लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. संगणकावर ०१, ०२ असं व्यवस्थित दिसतं आणि सांगलीत भलतंच वाजतं. उपाय: पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये पुन्हा फॉरमॅट करा आणि फाइली क्रमाने एकेक टाका, किंवा फॅटसॉर्ट, ड्राइव्हसॉर्ट यांसारख्या प्रणालीने क्रम लावून घ्या. मॅकवरून कॉपी केली असेल तर ठिपक्याने सुरू होणाऱ्या छुप्या फाइलीही जातात आणि स्पीकर त्या वाजवायला जाऊन अडकतो. त्या पुसून टाका.

वयानुसार कानाचे वरचे सूर आधी जातात, त्यामुळे गाणं ऐकू येतं पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवून हे सुटत नाही. स्पीकरला इक्वलायझर असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा थोडा वर करा आणि खालचा घुमारा कमी करा. नाट्यपदाचे शब्द स्वच्छ झाले की ते स्वतःच आवाज कमी करतील. वडिलांसाठी प्रत्येक पेनड्राइव्हवर एकच प्रकार भरा आणि त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावा: अभंग, नाटक, कीर्तन. फोल्डर बदलण्यापेक्षा पेनड्राइव्ह बदलणं त्यांना सोपं जातं.

सांभाळण्याबद्दल. लिथियम बॅटरीला उष्णता आणि सततचा पूर्ण चार्ज मारतो. रात्रभर चार्जरला लावून ठेवू नका, २० ते ८० टक्क्यांत ठेवलं तर ती कितीतरी जास्त टिकते. महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून ठेवा. पाठ फुगली किंवा पडदा वर उचलला गेला तर त्या क्षणी चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. काही स्वस्त प्लेअर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत, कारण चार्जरला ओळख देणारे दोन छोटे रेझिस्टर आत बसवलेले नसतात. प्लेअर बिघडला असं समजून परत पाठवण्याआधी जुन्या चपट्या यूएसबीची केबल लावून बघा. पावसाळ्यात ओला हात, ओला खिसा आणि चार्जिंग हे एकत्र येऊ देऊ नका. दमट हवेत जॅकवर हिरवट थर धरतो आणि एका कानाचा आवाज जायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने प्लग पुसला की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. इअरफोनच्या टोकाची बारीक जाळी मळाने बुजली तरी तसंच होतं, ती आधी बघा.

कार्ड ओळखीच्या दुकानातून, पावतीसकट. बाहेर २५६ लिहिलेली आणि आत ३२ जीबीच असलेली बनावट कार्डं सर्रास मिळतात. ती भरताना तक्रार करत नाहीत, मात्र ३२ च्या पुढचं काहीच खरं साठवलं जात नाही. नवं कार्ड आलं की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफथ्री चालवून पूर्ण जागा तपासा, मगच गाणी टाका. आणि कार्ड ही संग्रहाची मूळ प्रत नव्हे. मूळ प्रत हार्डडिस्कवर, दुसरी दुसऱ्या हार्डडिस्कवर, आणि ती दुसरी तुमच्या घरात ठेवू नका. वडिलांकडे सांगलीला ठेवा.

राहिल्या कॅसेटी. बुरशीचा पांढरा थर दिसत असेल तर ती डेकमध्ये घालू नका, आधी वेगळी काढा. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे फीत मोकळी होते. डेकचं हेड आणि रबरी रोलर स्वच्छ पुसा. मग जे फार थोडे लोक करतात ते करा: हेडचा कोन जुळवा. हेडच्या शेजारी स्प्रिंगवर बसलेला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना, आवाज मोनो करून, तो चुंबक नसलेल्या पेचकसाने केसाएवढा फिरवायचा. एका बाजूला आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो; उलट फिरवत आणलं की एका जागी झाकण उघडल्यासारखी तबल्याची चाट, तानपुऱ्याची जवारी, शब्दांतले 'स' आणि 'च' वर येतात. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचा कोन वेगळा असतो, म्हणून हे दर कॅसेटला करायचं. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत २४ बिटांत भरा, सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवा, आणि खरखर काढण्याच्या मोहात पडू नका. ती प्रक्रिया सतत सारख्या चालणाऱ्या आवाजाला खरखर समजते, आणि आपल्या गाण्यात सतत सारखा चालणारा आवाज म्हणजे तानपुरा. तो पुसट होतो, पाण्याखाली गेल्यासारखा डचमळायला लागतो, आणि एकदा तशी फाइल ठेवून मूळ पुसलं की इलाज नाही. खरखरीसकट मूळ फाइल जपा, साफसूफ करायचीच असेल तर प्रतीवर करा.

दोन खोक्यांतल्या सगळ्या कॅसेटी एकदम घेऊ नका. कंपनीने छापलेल्या कॅसेटी शेवटी ठेवा. त्यांतलं बरंचसं सीडीवर किंवा डाउनलोडला मिळतं. आधी त्या काढा ज्यांच्यावर हाताने लिहिलेलं आहे: घरच्या बैठका, गावच्या गणेशोत्सवातलं गाणं, रेडिओवरून भरलेल्या मैफली, आजीच्या ओव्या. त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. आणि त्या वडील सांगलीहून येतील तेव्हा त्यांच्यासोबत बसून भरा. कोण गातंय, कुठे, कोणत्या साली, साथीला कोण, हे ते सांगतील ते तिथल्या तिथे टॅगमध्ये लिहा.